तेवीस काहिलींची माणसं

गेल्या वर्षी झुलत्या पुलावरून वीस हजार माणसं सुखरूप गेली, असं ज्या कागदावर लिहिलं होतं, त्याच्याखाली माझी सही होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगताना मी स्वतःला सावरून घेण्याची शक्यता आहे.

सारी-कापचालच्या आकडेवारी कचेरीत मी एकतीस वर्षं होतो. मेंढ्या, घोड्या, जन्म, मृत्यू, गवताचे भारे. निवृत्त झाल्यापासून दुपारी जिल्हा वाचनालयात बसतो. पुस्तकं न्यायला फारसं कोणी येत नाही, त्यामुळे ती मलाच वाचायला मिळतात. पण दर वर्षी नवरोज झाला की जिल्हा प्रशासनाला एक आकडा लागतो आणि त्या आकड्याखाली एक जुनं, विश्वासाचं नाव लागतं. ते माझं.

नवरोज, म्हणजे मार्चमध्ये आमचं नवं वर्ष लागतं तो सण, नदीपलीकडच्या कुरणावर होतो. तिथे जायला झुलता पूल आहे: दोन जाड तारा, त्यांना उभ्या तारांनी टांगलेल्या फळ्या, नव्वद पावलं लांब, तीन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढा रुंद. गाड्यांचा पूल चौदा किलोमीटर खाली आहे, तिकडून गर्दी जात नाही.

गर्दीचा आकडा कसा ठरतो ते सांगतो. शाळा, दवाखाना, दूध डेअरी, टपाल कचेरी, प्रत्येकाला किती माणसं आणायची त्याचा हुकूम जातो. ते याद्या करतात. याद्यांची बेरीज म्हणजे गर्दी. गेल्या वर्षी बेरीज वीस हजार आली. सकाळी नऊला पुलाच्या शहराकडच्या तोंडाशी प्रत्येकाच्या नावापुढे खूण झाली आणि खूण झालेली निम्म्याहून जास्त माणसं पूल न ओलांडताच बाजाराकडे वळली. पिशव्या घेऊन हसत निघालेल्या शिक्षिका मी स्वतः पाहिल्या. आणि सही केली.

मात्र माझा एक खासगी हिशेब असतो. मी काहिली, म्हणजे सुमोलोकच्या मोठाल्या कढया, मोजतो. नवरोजला येऊन सुमोलोक चाखल्याशिवाय कोणी परत जात नाही. मोड आलेला गहू रात्रभर घोटून केलेलं ते तपकिरी गोड मिश्रण तोंडाला लागलं नाही तर वर्ष लागल्यासारखं वाटत नाही. म्हणून जितक्या वाट्या, तितकी माणसं. गेल्या वर्षी तेवीस काहिली होत्या आणि एकेका काहिलीत चारशे वाट्या बसतात. नऊ हजार दोनशे. कागदावर वीस हजारांखाली सही करायची आणि घरी येऊन वहीत नऊ हजार दोनशे लिहायचे, एवढंच माझं धाडस. पण त्या वहीचा मला अभिमान होता. निदान एका जागी खरं लिहिलेलं आहे, असं वाटायचं.

या वर्षी नवरोजच्या आदल्या दुपारी जिल्हा प्रशासनाची उपप्रमुख बुरुल्चा हिने मला बोलावलं. ती पंचेचाळिशीची, जिभेने तिखट, पण माझ्याशी नेहमी चांगली वागते, मला मानाने आके, म्हणजे दादा, म्हणते.

"बसा, जेकशेन-आके. चहा घ्या. तुमची सही म्हणजे आमचं मीठ. तिच्याशिवाय इथलं काही शिजत नाही."

तिच्यासमोर आपत्ती खात्याचा कप्तान तोलोगोन बसला होता. तो शरदात बदलून आलेला. टेबलावर त्याने केलेली बंदोबस्ताची योजना होती, तिला जोडलेल्या तक्त्यावर माझी सही हवी होती. मी वाचलं. गेल्या वर्षी वीस हजार नागरिक झुलत्या पुलावरून गेले व परतले. अनुचित प्रकार नाही. यंदा पंचवीस हजार अपेक्षित. पूल पुरेसा. मनुष्यबळ चार.

"यंदा मी एक गंमत केली आहे," बुरुल्चा म्हणाली. "गेल्या वर्षी सकाळी खुणा केल्या आणि सगळे पळाले. वरून पाहुणे आले तेव्हा कुरणावर माणसांपेक्षा घोडे जास्त होते. मला विचारतात, तुमचे वीस हजार काय गवतात लपलेत का? म्हणून यंदा खूण दुपारी तीनला. परतताना, शहराच्या बाजूला, बसपाशी, आणि तीही पुलावरून उतरणाऱ्यांचीच. आता बघू कोण पळतंय."

"म्हणजे तीनला सगळे एकदमच पुलावर येणार?" कप्तानाने विचारलं.

"गेल्या वर्षी वीस हजार परतले ना, कप्तान. लिहिलंय."

कप्तान माझ्याकडे वळला. "अक्साकाल," पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं तो म्हणाला, "ही सही तुमची?"

"माझीच."

"मग झालं." त्याचा चेहरा खरोखर हलका झाला. "मी नवा माणूस. इथली नदी मला माहीत नाही, लोक माहीत नाहीत. मला कागदावर भरवसा ठेवावा लागतो."

मी चहा तोंडापर्यंत नेऊन परत खाली ठेवला. दोघांनी पाहिलं.

"काही म्हणत होतात, आके?"

"चहा गरम आहे," मी म्हणालो. आणि सही केली.

मी घरी आलो. एका खोट्या आकड्यावर उद्याचा पूल उभा आहे, हे मला कळत होतं. मग मी वही काढली आणि तिचाच आधार घेतला. यंदा काहिली पंचवीस, म्हणजे माणसं दहा हजार. गेल्या वर्षी खरी नऊ हजार दोनशे होती. आठशेचा फरक. एवढा पूल पेलेल. वीस हजारांचं खोटं असलं तरी नऊ हजारांचं खरं आहेच. असा विचार करून मी जेवलोसुद्धा.

माझी बायको सायरा चार नंबरच्या काहिलीवर होती, ती घोटायला रात्रीच पलीकडे गेली होती. नवरोजच्या सकाळी मी दहाला पूल ओलांडला. पूल हलत होता, पण तो नेहमीच हलतो. खाली पाणी वितळत्या बर्फाचं, राखाडी, दगड लोटत नेणारं. पलीकडे मला गर्दी जास्त वाटली. पण डोळ्यांवर माझा विश्वास नाही. मला नजरेने गर्दी मोजता येत नाही, कधीच आली नाही. मी काहिली मोजल्या. पंचवीस होत्या. एका दगडावर बसून मी खिशातलं पुस्तक उघडलं आणि एकच पान चार वेळा वाचलं.

दोनच्या सुमारास सायराकडे गेलो. ती रिकाम्या काहिलीच्या तळाला उलथणं लावून खरवडत होती.

"संपलं?"

"अकरालाच संपलं. या खरवडीसाठीसुद्धा भांडतायत."

"चारशे वाट्या अकराला संपल्या?"

"कसल्या वाट्या? यंदा कचेरीने कागदी पेले दिले. एका काहिलीला सहाशे. एका माणसाला एक पेला, दोन घोट. बरणी दिसली की तो पोलीस ओरडतो. सहाशेच्या सहाशे गेले आणि रांग तशीच. बाकीच्या बायकांनाही विचारा, सगळीकडे तेच."

"पण गेल्या वर्षी तर वाटीभर..."

"गेल्या वर्षी मी वाटी कुणाला दिली? बरण्या भरल्या. एकेक बाई तीन-तीन बरण्या घेऊन आलेली. सासूला, शेजारणीला, शहरात दिलेल्या मुलीला. नवरोजचं कोणी आपल्या एकटीपुरतं नेतं का? तुमच्या आईने कधी कुणाला एका वाटीवर वाटेला लावलं होतं?" तिने उलथणं थांबवलं. "अहो, एकतीस वर्षं मोजलंत, पण रांगेत कधी उभे राहिलात का?"

नव्हतो राहिलो. काहिली मोजायच्या आणि घरी जाऊन वाचत बसायचं, अशी माझी रीत. वाटी म्हणजे माणूस, हे मी धरूनच चाललो होतो. माझ्या स्वतःच्या घरात दर नवरोजला सायराने आणलेल्या बरण्या फळीवर ठेवलेल्या असतात. त्या मी पाहत होतो आणि त्यांतलं खातही होतो.

मी बोटांवर हिशेब केला, कारण वही उघडण्याची हिंमत नव्हती. एका माणसाला तीन वाट्या धरल्या तर गेल्या वर्षीची माणसं तीन हजार. या वर्षी एका माणसाला एक पेला, सहाशे गुणिले पंचवीस, पंधरा हजार. पुलाने पेलली होती ती तीन हजार माणसं, तीही दिवसभर थोडी-थोडी करून. आज तीन वाजता, नावापुढे खूण व्हावी म्हणून, पंधरा हजार एकदम निघणार होती.

माझा वीस हजारांचा आकडा खोटा होता हे मला माहीत होतं. नऊ हजारांचाही खोटा असेल, हे माहीत नव्हतं.

पुलापर्यंत तीनशे पावलं असतील. ती मी कशी चाललो आठवत नाही. सायरा मागून उलथणं हातात घेऊनच येत होती, "काय झालं, सांगाल का?" असं विचारत. कप्तान पुलाच्या तोंडाशी उभा होता. मी त्याला सगळं एका दमात सांगितलं, बहुधा उलटसुलट, कारण त्याने दोनदा विचारलं.

"तीन हजार? वीस नाही?"

"तीन."

"आणि सही?"

"माझीच."

तो पुलाकडे बघत राहिला. "काल का नाही सांगितलंत, अक्साकाल?"

"घाबरलो होतो."

"मी आत्ता घाबरलोय," तो हळू म्हणाला. "माझ्याकडे चार माणसं आहेत."

त्याने बुरुल्चाला फोन लावला. ती पाहुण्यांना मंडपात सोडून धावत आली, उंच टाचांचे बूट चिखलात रुतत होते. ऐकून घेतलं. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. रागाची नव्हती.

"खूण इकडेच करू," कप्तान म्हणाला. "मग कोणाला घाई राहणार नाही. याद्या मागवा."

"अठरा याद्या आहेत, अठरा बसमध्ये, पलीकडे. ड्रायव्हर जेवायला गेले असतील."

"माझा माणूस जाऊन गोळा करून आणेल. अर्धा तास. तोवर इकडे दोर बांधतो, तीस-तीसच सोडायचे. पण अर्धा तास त्यांना कोणीतरी धरून ठेवायला हवं."

"घोड्यांची शर्यत अडीचला संपते," बुरुल्चा म्हणाली. "मग मी त्यांना थांबवू शकत नाही. गाणं लावलं तरी निघतील. आणि माईकवर पूल हा शब्द काढायचा नाही. पूल म्हटलं की सगळे पुलाकडेच धावतील."

ते खरं होतं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. काही लोक आधीच चालू लागले होते.

"दुवा चालू असताना कोण जातं?" सायरा म्हणाली.

आमच्याकडे वडीलधारा माणूस दुवा देऊ लागला की सगळे हात पसरतात आणि तो "ओमीन" म्हणेपर्यंत कोणी पाऊल उचलत नाही. घोड्यावरचा माणूससुद्धा लगाम खेचून थांबतो.

"नेमलेले अक्साकाल सकाळीच दुवा देऊन घरी गेले," बुरुल्चा म्हणाली. "गुडघे दुखत होते त्यांचे."

"मग हे देतील."

"मी?"

"दाढी आहे ना? आज कामाला येऊ दे."

मी आयुष्यात माईकवर बोललो नव्हतो. निवृत्तीच्या समारंभात माझं भाषण दुसऱ्याने वाचलं होतं. बुरुल्चाने माझं कोपर धरून मला मंचावर चढवलं, डोक्यावरची टोपी सरळ केली आणि कानात म्हणाली, "अर्धा तास, आके. तुमच्या पाया पडते."

वरून गर्दी दिसली. तिला कड नव्हती. मी हात पसरले. पंधरा हजार माणसांनी हात पसरले, आणि कुरण इतकं शांत झालं की नदी ऐकू आली.

नेहमीची दुवा मला येते: अन्न वाढो, म्हातारे टिकोत, मुलं मोठी होवोत. ती दोन मिनिटांत संपली. पुढचं सुचेना. डोक्यात काहीच नव्हतं. होता फक्त वार्षिक नमुना क्रमांक एक, जो मी एकतीस वर्षं भरला होता, जिल्ह्यातली त्रेचाळीस गावं, वरपासून खालपर्यंत. मी तिथून सुरुवात केली.

"अक-मोयुन गावच्या चुली पेटत्या राहोत. तिथल्या घोड्या सुखरूप व्याव्यात. ताश-बुलाकचं पाणी आटू नये. तिथल्या विधवांच्या दाराशी कोणीतरी लाकडं टाको. कुम-दोबोच्या शाळेचं छप्पर वाऱ्याने उडू नये..."

मला प्रत्येक गावाचं ठाऊक होतं. कुठे मेंढ्यांना रोग आला होता, कुठे मुलींचे जन्म जास्त, कुठून माणसं परदेशी कामाला गेली आणि परतली नाहीत. सगळं त्या तक्त्यांत होतं. समोरून कुजबुज ऐकू येत होती.

"आपलं गाव कधी येणार?"

"हात खाली करू नकोस. आपलं राहिलंय अजून."

"राहिलं तर बघतोच म्हाताऱ्याला."

सोळावं का सतरावं गाव असेल, तेव्हा मी पुलाकडे पाहिलं, आणि मधेच थांबलो.

आधी निघालेले लोक पुलावर होते. दीडशे-दोनशे तरी. कर्ण्यांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता. दुवा ऐकून ते पुलाच्या मधोमध थांबले होते. आणि दोन्ही हात पसरून, तारा सोडून उभे होते. पुलाचं पोट डाव्या अंगाला खाली गेलं होतं. एक उभी तार तुटल्याचा आवाज आला, बारीक, कोमुझ वाद्याची तार तुटते तसा. कोणी हललं नाही. दुवेत कसं हलणार. कप्तान हातवारे करत होता, पण त्याच्याकडे त्यांची पाठ होती.

त्यांना मी थांबवलं होतं. ओमीन म्हणालो असतो तर ते चालू लागले असते, पण कुरणावरचे पंधरा हजारही त्यांच्या मागोमाग पुलावर गेले असते. बोलत राहिलो असतो तर ते तिथेच उभे राहिले असते. मी तोंड उघडलं, काय बोलणार हे ठाऊक नसताना.

"आणि जे आत्ता वाटेवर आहेत," मी म्हणालो, "पाण्यावर आहेत, त्यांना आमच्या पूर्वजांनी सूट दिली आहे. वाटसराने हात मिटावे, आधार धरावा आणि हळू चालत राहावं. त्याची दुवा त्याच्या मागून चालत येते."

अशी कुठली सूट नाही. पूर्वजांच्या नावावर मी ती त्या क्षणी रचली. पण मी आयुष्यभर खोटे आकडे लिहिलेला माणूस, माझा आवाज खरा वाटला असावा. पुलावरच्या पहिल्या बाईने हात मिटले, तार धरली, पाऊल टाकलं. मग तिच्या मागचा. एकेक करून ते शहराच्या बाजूला उतरले. पूल वर आला. पण एका बाजूला तिरका तो राहिलाच.

मी गावं घेत राहिलो. त्रेचाळीस संपली तेव्हा उन्हाळी कुरणं घेतली, मग ओढे. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी पुलाच्या तोंडाशी कप्तानाने टोपी उंच केली, आणि त्याच्या दुसऱ्या हातात कागदांचा गठ्ठा दिसला.

"ओमीन," मी म्हणालो, आणि खाली बसलो.

बुरुल्चाने माईकवर जाहीर केलं की खुणा कुरणावरच होतील, घाई नको, चहा उकळतो आहे. तीस-तीस माणसं पुलावरून सोडली. तुटलेल्या तारेजवळ एक पोलीस उभा राहून लोकांना उजव्या अंगाने नेत होता. रात्री उशिरापर्यंत ते चाललं. आम्ही दोघं शेवटच्या तुकडीत होतो. सायराने माझा हात धरला होता आणि उलथणं काखेत. मी डोळे मिटून चाललो. पलीकडे पोहोचल्यावर कप्तान म्हणाला, "चारशे बारा."

"काय?"

"चारशे बारा वेळा तीस. मी रेघा मारत होतो."

बारा हजार तीनशे साठ. काही खालच्या उथळ पाण्यातून घोड्यांवर गेले, काहींनी दोन पेले घेतले असतील. माझा पंधरा हजारांचा अंदाजही चुकलाच होता. पण माझ्या सबंध आयुष्यात या जिल्ह्यात माणसं खरोखर मोजलेली मी तेवढ्या एका दिवशी पाहिली.

दुसऱ्या दिवशी बुरुल्चाच्या टेबलावर कागद तयार होता. पंचवीस हजार. अनुचित प्रकार नाही.

"एक तार तुटली," मी म्हणालो.

"माणूस नाही ना तुटला." तिचे डोळे सुजलेले होते, ती झोपली नव्हती. "आके, गेल्या वर्षीपेक्षा कमी कसे लिहू? वरून विचारतील, लोक नवरोजला यायचे का थांबले? मला, तुम्हाला, सगळ्यांना विचारतील. आधीच्या कागदांसकट."

तिची भीती खरी होती, माझ्याएवढीच. मी पेन घेतलं. पंचवीस हजारांखाली लिहिलं: मोजलेले बारा हजार तीनशे साठ. गेल्या वर्षीचे वीस हजार चुकीचे, अंदाजे तीन हजार. पुलावर एका वेळी तीस. अक्षर फार वाईट आलं. सही केली.

तिने कागद वाचला. "हा मी पाहिलेला नाही," असं म्हणून खणात टाकला आणि किल्ली फिरवली. वर कुठला कागद गेला ते मला कळलं नाही. विचारलं नाही.

कप्तान तोलोगोनची शरदात बदली झाली. जाण्याआधी त्याने पुलाच्या खांबावर लाल रंगाने 'तीस' असं लिहिलं होतं. हिवाळ्यात तो रंग निम्मा उडाला. नवा कप्तान आला आहे, तरुण आहे, वाचनालयात एकदा गरम पाणी मागायला आला होता. तो मार्चमध्ये जुने कागद मागवील. त्यात काय असेल, मला माहीत नाही.

माझ्या कागदाची एक नक्कल मी टोपीच्या आत शिवून ठेवली आहे. घरासमोर एखादी मोटार थांबली की माझा हात आपोआप टोपीकडे जातो. सायरा म्हणते, शेजाऱ्याचा जावई आहे, बसा. मी बसतो. नवरोजला अजून सव्वीस दिवस आहेत. तोवर मलाच त्या नव्या कप्तानाकडे जायला हवं, आणि काल मी त्याच्या कचेरीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.